एकसारखी घरं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, आई होती तोवर तिला नाही, आणि बायकोला तर नाहीच — जिला एरवी मी मारेगावच्या बसस्टँडवर कोणाशी काय बोललो इथपासून सगळं सांगतो. हे मात्र तोंडाशी येतं आणि परत जातं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू.

सुरुवात कुठून करू? आमच्या घरातल्या एका गमतीपासून करतो. माझ्या वहिनी — मोठ्या भावाची बायको, वर्षावहिनी — विजेवर चालणारी कुठलीही वस्तू मला विचारल्याशिवाय सुरू करत नाहीत. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, कूलर, काहीही. बोट बटणावर ठेवतात आणि स्वयंपाकघरातून आवाज देतात, "भाऊजी, लाइट बरोबर आहे नं?" मी जिथे असेन तिथून "हो" म्हणतो, मग खटका दाबला जातो. अकरा वर्षं हे चाललंय. सगळे त्यावरून त्यांना चिडवतात. पाहुणे आले की आम्ही हा किस्सा चहाबरोबर वाढतो, आणि चिडवण्यात मी सगळ्यांच्या पुढे असतो. मला पुढे असावंच लागतं. का, ते सांगतो — पण आधी त्या बाईंबद्दल सांगू द्या.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही भाड्याच्या तीन खोल्यांत राहायचो. आई, दादा, वहिनी, त्यांची सात वर्षांची श्रावणी आणि मी — बिनलग्नाचा. दादा जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर. मी बाजाराच्या रस्त्यावर संगणकाचे वर्ग घ्यायचो, अजून घेतो. त्या काळात गावात कोणाचा कंप्युटर अडला की मला बोलावणं यायचं. मी जाऊन वायर काढून पुन्हा लावायचो, तो चालू व्हायचा, आणि लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की मला स्वतःबद्दल फारच बरं वाटायचं. सगळे 'सर' म्हणायचे. आईसुद्धा शेजारणीला सांगताना "आमचे सर" म्हणायची. हे 'सर'पण लक्षात ठेवा. सगळा घोटाळा त्याच्यातच आहे.

घरी एक जुना कंप्युटर होता. एका विद्यार्थ्यानं मला एका खेळाची सीडी दिली — घरं बांधायची, त्यात माणसं वसवायची आणि ती कशी जगतात ते बघायचं, असा खेळ. मी तो श्रावणीसाठी टाकला. श्रावणीनं एक पोहण्याचा हौद खोदला, त्यात एक माणूस सोडला आणि अर्ध्या तासात कंटाळून बाहेर गेली. वहिनी झाडू हातात घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "भाऊजी, हे भिंत सरकते का?"

मी दाखवलं, सरकते. बस्स. तिथून पुढे दोन वर्षं, आई जेवून आडवी झाली आणि भांडी झाली की दुपारी दोन ते चार हा वेळ त्या खुर्चीवर गेला.

आम्ही त्याच सुमारास वणीच्या रस्त्याला नवीन लेआउटमध्ये प्लॉट घेतला होता. तीस बाय पन्नास, रस्ता पश्चिमेला. बांधकाम कधी होईल कोणाला माहीत नव्हतं. पण वहिनींनी खेळात तोच प्लॉट आखला. चारी बाजूंनी सोडायची ती जागा सोडून बाहेरच्या भिंती एकदाच ठरवल्या आणि त्यांना कधी हात लावला नाही. जे काय करायचं ते आत. तीस बाय पन्नासच्या आत एक बाई दोन वर्षं काय करत असेल, असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटायचं. मी हसायचो.

मग एकदा मी मागे उभा राहून बघितलं. त्या घर बांधून थांबत नव्हत्या. त्यात माणसं सोडत होत्या — एक म्हातारी, एक जोडपं, एक पोर, एक तरुण — आणि गालावर हात ठेवून त्यांचा अख्खा दिवस बघत बसत होत्या. कोण कुठून कुठे जातं. कोण दारात कोणाला आडवं येतं. खेळातली माणसं अडली की उभी राहून हात हलवतात, कुरकुर करतात. वहिनी तेवढ्याचीच वाट बघायच्या. "पाहा भाऊजी, हे बाई रोज इथंच अडते. हातात गरम भांडं राह्यते अन् दार अंगावर उघडते." मग दार दुसऱ्या बाजूनं उघडणारं व्हायचं. पुन्हा एक दिवस. पुन्हा कोणी अडलं तर पुन्हा बदल.

मला सांगा, हे कोणी शिकवलं होतं त्यांना? बारावी झालेली बाई. माहेर महागावचं, वडील शेती करणारे. मी ज्यांच्याकडे नकाशे पाहिलेत असे शिकलेले लोक आधी भिंती काढतात आणि मग माणसानं त्यात कसं मावायचं ते माणसावर सोडतात. या बाई उलट्या टोकाकडून निघाल्या होत्या. म्हातारी सकाळी उठून कुठे हात टेकेल, इथून त्यांचं घर सुरू व्हायचं.

शेजारच्या ताराबाईंच्या स्वयंपाकघरात धूर कोंडायचा. वहिनी एकदा हळदीकुंकवाला गेल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, शेगडी त्या भिंतीला न्या आणि वरची वीट काढा. ताराबाईंनी गमतीत करून पाहिलं. धूर गेला. त्यानंतर गल्लीतल्या दोन-चार बायका फडताळ कुठे लावू, मोरी कुठे काढू, हे विचारायला यायच्या. वहिनी लाजून पदराला हात पुसत सांगायच्या आणि सांगितलेलं बरोबर निघायचं. मी घरातला 'सर' होतो खरा, पण घरात खरं डोकं कोणाचं चालत होतं ते मला तेव्हाही दिसत होतं. फक्त मी ते मोठ्यानं म्हटलं नाही.

आणि एक रीत होती त्यांची. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांच्या माहेरी राहत्या घराची भिंत फोडत नसत. फोडायचीच तर आधी चूल बाहेर, देव बाहेर, माणसं बाहेर — मग कुदळ. वहिनींनी ही रीत खेळातही पाळली. घरात बदल करायचा असला की त्या त्या घराला हात लावत नसत. त्याची नक्कल करायच्या, नकलेत बदल करायच्या आणि जुनं घर माणसांसकट तसंच ठेवून द्यायच्या. मी म्हणायचो, "वहिनी, ही काय खरी माणसं आहेत?"

"खरी नाहीत तं मंग अडतेत कायले?"

 

तर अशी नक्कल करत करत तीनशे बारा घरं साठली. सगळ्यांचं नाव 'घर'. खेळ त्यांना आपल्या मनानं आकडे द्यायचा. कंप्युटर इतका जड झाला की खेळ सुरू करून वहिनी कुकर लावायला जायच्या आणि तिसऱ्या शिट्टीनंतर परत यायच्या, तेव्हा कुठे पडद्यावर काही दिसायचं. हवं ते घर शोधायला अर्धी दुपार जायची.

मग बांधकामाचं ठरलं. एप्रिल लागला होता. दादानं हरिभाऊ मिस्त्रींना येत्या रविवारी सकाळी घरी बोलावलं — नकाशा काय करायचा ते बसून ठरवू म्हणून. त्या दिवशी जेवताना वहिनी ताट वाढता वाढता म्हणाल्या, "मी दाखवू का मिस्त्रीले? कंप्युटरवर?" दादा हसला, पण चांगलं हसला. म्हणाला, दाखव की. आई म्हणाली, सूनबाईनं दोन वर्षं डोळे फोडले, पाहू तरी काय केलं ते. वहिनींचा चेहरा मला आजही दिसतो. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि या घरात त्यांना पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी दाखव म्हणालं होतं.

दुपारी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, हे सगळं नीट लावून द्या नं. मिस्त्रीपुढे हुडकत बसली तं हसतीन सारे."

मी शोधलं. कोण्या परदेशी माणसानं अशाच घरवेड्यांसाठी एक चिमुकला प्रोग्रॅम करून फुकट ठेवला होता. फार काही नाही — साठवलेली सगळी घरं चित्रांसकट रांगेत मांडायची, हव्या त्या घराला नाव द्यायचं, टोपल्यांत वेगळी करावीत तशी वेगळी करायची. मी तो उतरवला. तीनशे बारा घरं पडद्यावर एकाखाली एक उभी राहिली आणि वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, एवढी?"

त्या दुपारी आम्ही दोघं बसून नावं देत गेलो. मराठी अक्षरांचे तिथे चौकोन होत होते, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी टंकत होतो. त्या सांगत होत्या. 'आईच्या गुडघ्याचं.' 'दिवाळीले पाहुणे.' 'श्रावणी मोठी झाल्यावर.' 'धूर.' एका घराचं नाव त्यांनी सांगितलं 'भांडण' — त्यात दोन माणसं रुसली तरी एकमेकांचं तोंड न पाहता दिवस काढू शकत होती. मी पोट धरून हसलो. मग मनात आलं, हे कुठल्या नकाशात कोणी काढलंय? चाळीस-पन्नास नावं झाली असतील. आयुष्यात मी फार थोडी कामं मनापासून केलीत, त्यातलं ते एक. हेही खरं आहे, पण यानं माझा दोष काही कमी होत नाही.

शेवटचं घर आलं. तीनशे बारावं. मी विचारलं, "याचं नाव?"

"राहाचं."

"राहायचं घर?"

"नुसतं राहाचं," त्या म्हणाल्या.

ते घर मी नीट पाहिलं. स्वयंपाकघर ईशान्येच्या कोपऱ्यात, म्हणजे दुपारचं ऊन तिकडे फिरकणार नाही. ओट्यापाशी उभं राहिलं की सरळ रेषेत समोरचं दार दिसतं — तव्यावरची पोळी न सोडता कोण आलं ते कळतं. आईच्या खोलीला लागून संडास-बाथरूम, मध्ये एकही पायरी नाही, आणि पलंगापासून तिथपर्यंत हात टेकायला सलग भिंत. कूलरची खिडकी अशा जागी की एकच कूलर दोन खोल्या थंड करेल. बाहेर बसायला एक बाक, त्याखाली चपला. आणि माझ्यासाठी पुढच्या अंगाला एक खोली, तिला वेगळं दार. मी विचारलं हे कशाला. म्हणाल्या, तुमचे पोरं शिकाले येतीन, घरातून कायले जातीन. माझ्या लग्नाचाही विचार केला होता त्यांनी — ती खोली वाढवायला शेजारी जागा सोडली होती.

त्या घरात त्यांनी सोडलेल्या माणसांपैकी कोणीही दिवसभर कुठेही अडलं नाही. आम्ही दोघांनी बसून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्यांना चुलतबहिणीच्या साखरपुड्याला महागावला जायचं होतं. निघायच्या आधी सकाळी त्यांनी 'राहाचं' एकदा बघून घ्यावं म्हणून कंप्युटर लावला. मी सांगून ठेवलं होतं की सकाळी वीज कमीजास्त होते, आपला स्टॅबिलायझर बिघडलाय, सकाळी लावू नका. त्यांनी लावला. दिवा एकदा बारीक झाला, एकदा मोठा, आणि कंप्युटर बंद पडला. बसला जाताना, पिशवी खांद्यावर घेऊन, त्या मला चोरासारख्या म्हणाल्या, "भाऊजी, मी लाइट हालत असताना चालू केलता. काही झालं नसन नं?"

मी त्या गेल्यावर लगेच तपासलं. काही झालं नव्हतं. तीनशे बाराच्या तीनशे बारा घरं जागेवर होती. 'राहाचं' मी उघडून पाहिलं. ते उघडलं. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढे माझी जीभ फिरणार आहे — ते उघडलं.

दुपारी मी मोकळा होतो. कंप्युटरमध्ये जागा अजिबात उरलेली नव्हती, आणि एका मित्राकडून मी क्रिकेटचे जुने सामने आणले होते. ते टाकायचे होते. घरंही फार झाली होती, रविवारी खेळ पटकन उघडला तर माझीही शान राहणार होती. त्या प्रोग्रॅममध्ये एक बटण होतं — एकसारखी घरं शोधा. मी दाबलं. त्यानं क्षणात सांगितलं, तीनशे नऊ जादा आहेत. मला नवल वाटलं नाही. नकलाच तर होत्या! मी मनात म्हटलंसुद्धा, वहिनींची ही रीत म्हणजे नुसता पसारा. खाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. मी त्या वाचल्या नाहीत. जो माणूस वर्गात पोरांना रोज सांगतो की बटण दाबायच्या आधी वाचा, त्यानं त्या वाचल्या नाहीत. कायमची काढून टाकायची का, असं विचारल्यावर मी हो म्हटलं — जागा हवी होती ना. मग चहा करून आणला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत सगळे सामने भरले.

संध्याकाळी खेळ उघडून पाहिला. पटकन उघडला. मी खूश. आणि मग दिसलं, घरं तीन आहेत.

त्या दोन ओळी मी तेव्हा वाचल्या. प्रोग्रॅम आतलं काही बघत नव्हता. प्लॉट आणि बाहेरच्या भिंती सारख्या असल्या की त्याच्या लेखी घर एकच. आणि सारख्यांमधलं सगळ्यात जुनं तेवढं तो ठेवत होता. वहिनींच्या बाहेरच्या भिंती दोन वर्षांत एकदाही हलल्या नव्हत्या. उरलं होतं ते त्यांचं पहिलंवहिलं घर — चार भिंती आणि एक दार. दुसरं खेळाबरोबर आलेलं. तिसरं श्रावणीचा हौद, ज्यात तो माणूस अजून पोहत होता.

मी गेलेलं परत आणायचे सगळे उपाय केले. दोन दिवस. काही तुकडे निघाले, उघडला एकही नाही. त्या जागेवर माझे सामने बसले होते.

आता इथे मी थांबतोय, लक्षात येतंय का? कारण इथपर्यंतची ती नुसती चूक आहे. चुकीला माणसं माफ करतात, वहिनींनी तर हसून केली असती. अजून कबुली सुरूच झालेली नाही.

गुरुवारी त्या परत आल्या. हातपाय धुतले, आईला साखरपुड्याचे लाडू दिले आणि खुर्चीवर बसल्या. मी दारात उभा. पडद्यावर तीन घरं आली. त्यांनी चार भिंतींच्या घरावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तं माहं पयलं घर." मला वाटलं आता त्या विचारतील, काय झालं. मी वाक्य तयार ठेवलं होतं — वहिनी, माझ्या हातून झालं. खरंच तयार होतं. त्यांनी मान वळवली, आणि डोळ्यांत राग नव्हता. भीती होती.

"भाऊजी... त्या दिवशीच्या लाइटनं झालं का?"

मी म्हटलं, "हो. त्यानंच झालं असेल."

एवढंच. हा माझा गुन्हा. चार शब्द. त्यांनीच पुढे केले आणि मी उचलले. 'सर' कसे चुकतील? गल्लीत काय तोंड दाखवतील? त्या वेळी माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. मी एवढ्यावरही थांबलो नाही — वर समजुतीच्या सुरात म्हटलं, "मी सांगितलं होतं ना वहिनी, सकाळी लावू नका म्हणून."

आणि त्या माझी माफी मागू लागल्या. "तुमचा कंप्युटर खराब झाला माह्याच्यानं." मी मोठ्या मनानं म्हटलं, असू द्या.

रविवारी हरिभाऊ मिस्त्री आले. दादानं हाक मारली, "आण गं, काय केलं ते दाखव." वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नाही जी. माह्या हातानं उडालं सारं." आई म्हणाली, मग तोंडानं सांग. त्यांनी एक-दोन वाक्यं सांगायचा प्रयत्न केला, हातानं हवेत ओटा दाखवला, मिस्त्री समजुतीनं मान हलवत राहिले, आणि त्या मध्येच थांबल्या. ज्या बाईंनी ताराबाईंचा धूर घालवला होता त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. मले काय समजते." आणि आत गेल्या.

मला ते घर आठवत होतं. सहा दिवसांपूर्वी पाहिलेलं, खिडकीन् खिडकी. मी पाठीमागून त्यांना म्हणू शकलो असतो, थांबा, मी काढतो, तुम्ही सांगा. मी कागद घेतला आणि माझा नकाशा काढला. खरं सांगू? काढताना मला मजा आली. मला माझा नकाशा चांगला वाटला. दादानं पाठ थोपटली.

आम्ही त्याच घरात राहतो. स्वयंपाकघर नैर्ऋत्येला आहे — कोपरा मोकळा होता म्हणून मी तिथे टाकलं. एप्रिल-मेच्या दुपारी, आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल, ती भिंत रात्री जेवणं होईपर्यंत तापलेली असते. वहिनी खिडकीला ओलं पोतं बांधतात आणि पोळ्या करतात. दार वाजलं की तवा उतरवून, दोन खोल्या ओलांडून उघडायला जातात. माझे विद्यार्थी आता घरीच येतात आणि त्यांच्या ओट्यामागून चपला वाजवत जातात. आणि आईच्या खोलीतून संडासाकडे जाताना दोन पायऱ्या आहेत. का आहेत, मला सांगता येणार नाही. आई गेली तोवरची सहा वर्षं, दिवसातून जितक्या वेळा तिला जावं लागलं तितक्या वेळा वहिनींनी हात धरून तिला त्या दोन पायऱ्या चढवल्या आणि उतरवल्या. एकदाही त्या माझ्या नकाशाला नाव ठेवून बोलल्या नाहीत. कधी कधी मात्र ओट्यापाशी उभ्या राहून समोरच्या भिंतीकडे बघतात, जिथून दार दिसायला हवं होतं. मला कळतं त्या काय बघतायत. ते घर आणखी कोणी पाहिलंच नव्हतं.

आजही गल्लीत कोणी बांधकाम काढलं की मी मनातल्या मनात म्हणतो, वहिनींना विचारा. त्यांच्याइतकं घर कळलेलं माणूस मी या अख्ख्या टापूत पाहिलेलं नाही, मोठमोठ्या नकाशेवाल्यांत नाही. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं तर पुढचं वाक्यही म्हणावं लागेल.

मागच्या आठवड्यात श्रावणी सुट्टीला आली. यवतमाळला शिकते आता, स्वतःचा लॅपटॉप आहे. तिनं त्या खेळाचा नवा अवतार उतरवला आणि आईपुढे ठेवला. "आई, बांध ना. तू काय मस्त बांधायचीस!" वहिनी पदराला हात पुसत जवळ आल्या. वाकून पाहिलं. रिकामा प्लॉट, हिरवागार. त्यांचं बोट माउसपाशी गेलं — मी पेपर वाचतोय असं दाखवून बघत होतो — आणि मागे आलं.

"नको माय," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं उडते."

काल मी वणीला गेलो होतो, यायला दुपार झाली. घरात शिरलो तर सगळी जेवायची खोळंबलेली. मिक्सरच्या भांड्यात शेंगदाणे, मिरच्या, लसूण तसंच. श्रावणी वैतागली होती. म्हणाली, "काका, हिनं चटणीच केली नाही. तू नव्हतास, लाइट कशी आहे ते कोण सांगणार म्हणे." सगळे हसले. दादा हसला. माझी बायको हसली. वहिनीही हसल्या, बोट बटणावर ठेवून.

"भाऊजी, लाइट बरोबर आहे नं?"

मी वर ट्यूबकडे पाहिलं. मी नेहमी पाहतो, जसं काही तिथे मला कळतं.

"हो वहिनी," मी म्हटलं. "बरोबर आहे. करा चालू."